एका हातात ऑर्क: स्पीडपेंट 2.0 वापरून पाहिल्यावर

जेवणाच्या टेबलावर सध्या आठ ऑर्क, म्हणजे एका खेळातले प्लास्टिकचे इवलेसे हिरवे राक्षस, रंगवून वाळत उभे आहेत, म्हणून आम्ही घरातली तिघं तीन दिवस जमिनीवर ताटं मांडून जेवतोय. नवऱ्याची काही तक्रार नाही. मांडी घालायची मोडलेली सवय परत लागली, म्हणतो. तक्रार आहे ती कामाला येणाऱ्या मावशींची. "ताई, ही हिरवी भुतं देव्हाऱ्याकडं तोंड करून नका ठेवू." तेव्हापासून ऑर्क खिडकीकडे तोंड करून उभे आहेत. ज्या स्पीडपेंट 2.0 रंगाबद्दल लिहायला बसलेय त्याच्या बाटल्या फ्रिजवर आहेत, कारण घरात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे कुणी काही हलवत नाही.

नणंदेचा मुलगा न्यू जर्सीत असतो. दिवाळीला आला तेव्हा माझ्या लेकीसाठी हीरोक्वेस्ट या पटावरच्या खेळाचा खोका घेऊन आला. हा खेळ मूळचा 1989 सालचा. मिल्टन ब्रॅडली या अमेरिकी खेळकंपनीनं गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीला बरोबर घेऊन काढलेला. मधे बरीच वर्षं तो बाजारात नव्हता, मग 2021 मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल या खेळकंपनीच्या नावानं नव्यानं आला. भुयारातल्या खोल्यांचा पट, त्यावर चार वीर: रानटी योद्धा, बुटका, एल्फ आणि जादूगार. समोर 31 राक्षस. आठ ऑर्क, सहा गॉब्लिन, चार सांगाडे, दोन ममी, दोन झॉम्बी, एक पंखवाला गार्गॉइल वगैरे सगळा गोतावळा. शिवाय प्लास्टिकची टेबलं, पुस्तकांची कपाटं, एक थडगंसुद्धा. सगळं एकरंगी. ऑर्क नुसते हिरवे, वीर नुसते लाल. लेक म्हणाली, "आई, हे रंगवायचे असतात. लोक रंगवतात." भाचा म्हणाला, "मामी, तू तर हमरापूरची ना?"

हमरापूर माझं आजोळ. पेणजवळचं. गणपतीचे कारखाने ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मामाचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मे महिन्याच्या सुट्टीत जायचे ती शाळा सुरू झाल्यावर ओढून परत आणायला लागायची. मला काम काय, तर उंदीर. पुढे सातवी-आठवीत बढती मिळून पितांबराचा काठ. डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळ्यांची आखणी मामाच करायचा, पहाटे, शेडमधला रेडिओ बंद करून. त्या वेळी कुणी बोललं तर अंगावर चिंधी यायची.

तर तेवढ्या भांडवलावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर एका कंपनीचे जीएसटी रिटर्न भरणाऱ्या बाईनं इंचभर उंचीचे राक्षस रंगवायला घेतले.

सुरुवात फेविक्रिलनं केली, कारण ते घरात होतं. लेकीच्या प्रोजेक्टसाठी आणलेल्या बाटल्या. पहिल्या गॉब्लिनवर हिरवा लावला तो थेट साईसारखा बसला. नाक, ओठ, दात सगळे एकाच गोधडीखाली. रंगाचा दोष नाही, तो कापडाला आणि मडक्याला करतात. पातळ न करता इवल्याशा तोंडावर थापला तो मी. मग पाणी घालून पातळ हात दिले, एकावर एक चार. सावलीचा गडद रंग वेगळा, उजेडाचा फिका वेगळा. त्या पद्धतीनं जादूगार झाला आणि चांगला झाला, पण एकट्या जादूगाराला तीन संध्याकाळी लागल्या. मी हिशेबाची बाई. उरलेल्या 34 बाहुल्या गुणिले तीन. लेक तोवर बारावी झाली असती.

तेव्हा भाच्यानं नाव सांगितलं: आर्मी पेंटर या डॅनिश कंपनीचं स्पीडपेंट. एकाच हातात मूळ रंग, सावली आणि उजेड तिन्ही येतात, असा दावा. अशा रंगांची लाट 2019 मध्ये गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेल काँट्रास्ट या रंगांनी आणली, स्पीडपेंट हे आर्मी पेंटरचं त्याला उत्तर. घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 2022 ची पहिली आवृत्ती आणि 2023 ची 2.0 यांत मोठा फरक आहे. पहिल्या आवृत्तीतला वाळलेला रंग वरून दुसरा ओला रंग लागला की परत सुटायचा, अशी तेव्हा जगभर ओरड होती. 2.0 मध्ये तो सुटत नाही. म्हणून 2.0 च आहे याची खात्री करूनच पैसे द्या. मी ज्या दुकानातून ऑनलाइन मागवलं (नाव घेत नाही) त्यांनी नऊपैकी एक बाटली टोपण सैल ठेवून पाठवली. सगळा खोका निळा. फोटो पाठवल्यावर बदलून दिली, पण अकरा दिवसांनी आणि मी चार वेळा फोन केल्यावर.

नऊ बाटल्या कुठल्या, ते सांगते, कारण मोठा संच घ्यायचा मोह मलाही झाला होता. ऑर्क स्किन, मॅलिग्नंट ग्रीन, पॅलिड बोन, हार्डन्ड लेदर, क्रुसेडर स्किन, ब्लड रेड, ग्रेव्हलॉर्ड ग्रे आणि हायलॉर्ड ब्लू हे आठ रंग, आणि पातळ करायला त्यांचंच मीडियम. बाटली 18 मिलीची, थेंबाथेंबानं पडेल अशा चोचीची, आत ढवळायला छोटी गोळी. हलवलं की खुळखुळते. नीट हलवा, अगदी मिनिटभर, नाहीतर वरचं पाणीच आधी पडतं. मला बाटली साधारण चारशेला पडली. त्या पैशात फेविक्रिलच्या आठ-दहा बाटल्या येतात हे मलाही कळतं. थांबा जरा, हिशेब पुढे आहे.

पहिला लावून पाहिला सांगाड्यावर. सांगाडा आधीच पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारून तयार होता. कॅमलच्या गोल ब्रशवर पॅलिड बोनचे दोन थेंब घेतले आणि बरगड्यांवर सोडले. सोडले हाच शब्द बरोबर, लावले नाहीत. कारण हा रंग ब्रशनं पसरवायच्या आधीच चालायला लागतो. बरगडीच्या उंचवट्यावरून तो आपणहून खाली ओघळला आणि दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसला. खाचेत दाट म्हणून गडद, उंचवट्यावर पातळ म्हणून फिका. कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत एक टिपूस साचला आणि माझ्या डोळ्यांदेखत तपकिरी होत गेला. पायाशी, जिथे सांगाड्याची पावलं बैठकीला चिकटलेली असतात, तिथे मात्र थारोळं झालं. ब्रश टिश्यूला पुसून कोरडा केला, त्याचं टोक थारोळ्यात बुडवलं, जादा रंग ब्रशनं पिऊन घेतला. सात-आठ मिनिटं. बस्स. पंख्याखाली ठेवला आणि आमटीला फोडणी द्यायला उठले. परत आले तेव्हा टेबलावर जुनं पिवळट हाड उभं होतं. लेक किंचाळली ती आनंदानं.

चारही सांगाडे त्या संध्याकाळीच झाले. ममींच्या चिंध्यांना तोच रंग, फक्त त्यात थोडं मीडियम. इतकं मनासारखं काम करणारी वस्तू मी अलीकडे फारशी वापरलेली नाही.

ऑर्कचंही तसंच. स्नायू, सुरकुत्या, दोऱ्या, चामड्याचे पट्टे, सगळं खाचाखोचांचं काम, आणि या रंगाला खाचा लागतात. अंगाला ऑर्क स्किन, पट्ट्यांना हार्डन्ड लेदर, दातांना पॅलिड बोन. हत्याराला आधी साधा चांदी रंग, त्यावर ग्रेव्हलॉर्ड ग्रे. धातूवर हा राखाडी चढला की हत्यार खरंच कुठल्यातरी तळघरात चाळीस वर्षं पडून होतं असं वाटतं. एका ऑर्कला 25 मिनिटं. आता हिशेब: नऊ बाटल्या, 3,600 रुपये, 35 बाहुल्या. बाहुलीमागे शंभर रुपये आणि वर थोडे. पण आठही ऑर्क होऊन ऑर्क स्किनची बाटली जेमतेम एक बोट उतरलीय. म्हणजे खरा खर्च त्याच्या निम्माही नाही, उरलेला साठा पुढच्या वर्षाला कॅरी फॉरवर्ड. शिवाय फर्निचर. कपाटं आणि टेबलं हार्डन्ड लेदरमध्ये एका रविवारी दुपारी उरकली, त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

जिथे हा रंग कच्चा पडतो ती जागा म्हणजे सपाट पृष्ठभाग. माझ्या हातून डाग पडला तो काळ्या जादूगाराच्या, म्हणजे ड्रेड सॉर्सररच्या झग्याच्या मागच्या बाजूला. तिथे खाच नाही, वळण नाही, तेव्हा रंगाला जायला जागाच नाही. तो वाटेल तिथे थांबतो आणि वाळताना कडेनं रेघ सोडतो, ओल भिंतीवर सोडते तशी. मी केली ती चूक अशी, की डाग दिसला म्हणून अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ब्रश फिरवला. झालं. खालचा थर खरवडून वर आला, झग्याला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. असल्या पातळ, वाहत्या रंगांचा नियमच आहे: ओला असेपर्यंत तुमचा, जरा ओढ धरली की हात मागे. मोठ्या सपाट जागेला साधा अ‍ॅक्रिलिक बरा. आता पुढची बाजू निळी झुळझुळीत आणि मागे फेविक्रिल अशी त्या जादूगाराची अवस्था आहे. पटावर तो कायम भिंतीला पाठ लावून उभा असतो.

दुसरी गोष्ट, हा रंग काहीही झाकत नाही. चामड्याचा तपकिरी चुकून हिरव्या अंगावर गेला तर वरून हिरवा लावून उपयोग नाही. तो पारदर्शक, खालचा डाग तसाच दिसणार. आधी पांढऱ्याचा ठिपका, तो वाळू द्यायचा, मग परत हिरवा. म्हणून फिक्या रंगांपासून सुरुवात करायची आणि गडद शेवटी. शाळेतल्या जलरंगांसारखंच. चित्रकलेच्या बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं तेव्हा कळलं नव्हतं, ते आता ऑर्कच्या कमरपट्ट्यामुळे कळलं.

आणि खाली प्रायमर पांढरा किंवा निदान फिका हवाच. थेट हिरव्या प्लास्टिकवर लावाल तर चिखल. मामाच्या कारखान्यातही पहिला हात पांढराच असायचा. गणपती असो की गॉब्लिन, वरचा रंग खुलतो तो खालच्या पांढऱ्यावर. जरा नाट्य हवं असेल तर आधी काळा मारा, मग कोरड्या ब्रशानं राखाडी आणि शेवटी फक्त वरच्या बाजूला पांढरा घासा. जणू डोक्यावर दिवा आहे. वरून स्पीडपेंट. गार्गॉइल मी तसा केलाय आणि घरात सगळ्यांत देखणा तोच आहे, नवऱ्यासकट.

प्रायमरवरून आठवलं. ठाण्यात जुलैमध्ये गॅलरीत उभं राहून स्प्रे मारू नका. मी मारला. बाहेर धो धो पाऊस, हवेत इतका दमटपणा की पापड दहा मिनिटांत मऊ. स्प्रेचे थेंब बाहुलीवर पोचेपर्यंतच बिघडले आणि दोन गॉब्लिनांच्या अंगावर रव्यासारखी खरखर बसली. त्यावर स्पीडपेंट लावलं तर प्रत्येक कणाभोवती वेगळी सावली. देवी आलेले गॉब्लिन. मामाला फोन केला तर तो हसत सुटला. "पावसात आम्ही काय गणपती गच्चीवर रंगवायचो? हॅलोजन कशाला लावायचो शेडमध्ये?" त्यानंतर पावसाळाभर ब्रशनं लावायचा प्रायमर वापरला. वेळ जास्त जातो, पण खरखर नाही आणि घरात वासही नाही. प्रायमरच्या आधी बाहुल्या भांडी घासायच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं धुवायच्या हे मात्र टाळू नका. साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर राहतं आणि रंग तिथून निसटतो. मऊ प्लास्टिकचं हत्यार वाकलं असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात. चहा टाकता टाकता होतं.

बाकीच्या सामानावर पैसे उडवू नका. माझी ओली पॅलेट म्हणजे पोळ्यांचा जुना डबा, तळाशी भिजवलेला टिश्यू, वर बटर पेपर. साधे अ‍ॅक्रिलिक त्यावर दोन दिवस ओले राहतात. स्पीडपेंट मात्र त्यावर काढू नका, पाणी शोषून आणखी पातळ होतं. त्याला चिनीमातीची बशीच बरी. बाहुली धरायला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, टोपणाला दुहेरी टेप. ब्रश कॅमलचे, शून्य आणि एक नंबर. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचा उंट आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत होता, तोच आता ऑर्कच्या सेवेत. टोक सांभाळायचं असेल तर रंग पत्र्याच्या कडीपर्यंत चढू द्यायचा नाही आणि धुतल्यावर ब्रश उभा नाही, आडवा वाळवायचा.

वाळल्यावर थोडी चकाकी राहते. काहींना आवडते, मला ऑर्क तेल लावून आंघोळीला निघाल्यासारखे वाटले. मॅट व्हार्निशचा एक हात दिला की ती जाते, आणि खेळताना बोटांनी रंगही घासला जात नाही. आमच्याकडे खेळ दर रविवारी, नवरा राक्षसांच्या बाजूनं. फासे टाकताना त्याच्या हाताला शेंगदाण्याचं मीठ असतं, त्यामुळे व्हार्निश इथे चैन नाही.

कुणी घ्यावं? ज्याच्याकडे असा राक्षसांनी भरलेला खोका पडून आहे आणि ज्याला ते पटावर रंगीत उभे बघायचेत, त्यानं डोळे झाकून घ्यावं. पण आठ-दहा बाटल्याच. स्वतःच्या खोक्यातल्या बाहुल्या मोजाव्यात, कातडी कसली, कपडे कसले ते लिहून काढावं आणि तेवढेच रंग मागवावेत. सोळा निळ्या छटा कुणाला लागत नाहीत. ज्याला एकच वीर घेऊन महिनाभर त्याच्या गालावर उजेड-सावली करत बसायचंय त्याला यात मजा येणार नाही, त्याची मजाच हा रंग काढून घेतो. माझं म्हणाल तर राक्षसांना स्पीडपेंट, वीरांना निम्मंनिम्मं. कातडी आणि केस स्पीडपेंटचे, झगे आणि ढाली साध्या अ‍ॅक्रिलिकच्या.

आणि डोळे. डोळे कुठल्याच बाटलीत मिळत नाहीत. या मापाच्या बाहुलीचा चेहरा वाटाण्याएवढा, त्यात डोळा म्हणजे खसखशीचा दाणा. ऑर्कचे मी काढलेच नाहीत. भुवईच्या सावलीत रंग साचून आपोआप काळोख होतो, राक्षसाला तेवढा पुरतो. पण रानटी योद्धा माणूस आहे. त्याच्या क्रुसेडर स्किनवर आधी पांढरी आडवी रेघ आणि त्यावर उभी काळी टिंब, एवढंच करायचं होतं. चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी केलं, श्वास रोखून, आणि बरं जमलं असं मला वाटलं.

मामा गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ठाण्याला आला होता. पट्टी निघून आठवडा झाला होता आणि नव्या डोळ्यानं तो घरातलं सगळंच वाचत सुटला होता, बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीकसुद्धा. फ्रिजवरच्या बाटल्यांपर्यंत पोचला तेव्हा मी योद्धा त्याच्या हातात दिला. त्यानं तो खिडकीशी नेला, औषधाच्या बाटलीसकट गोल फिरवला, एकदा लांब धरला, एकदा जवळ.

"अंगाचा रंग छान बसलाय. गननं मारलास?"

"नाही मामा, ब्रशनं. एकच हात."

"एकाच हातात शेड?" त्यानं बाटली मागितली, हलवली, गोळीचा आवाज ऐकला. बोटावर थेंब घेऊन चोळून पाहिला. मग परत बाहुलीकडे. "डावा डोळा खाली उतरलाय गं. हा बघतोय कुठं? गणपती असता तर कुणी नेला नसता."

"व्हार्निश व्हायचंय अजून. पण पुसता नाही येणार आता, वाळलाय. आणि वरून कातडी लावली तरी खालचं दिसणार."

"मग पांढरा लाव. काय सांगतोय मी चाळीस वर्षं?"

पांढरा लावला, पंख्याखाली धरला. क्रुसेडर स्किनचा अर्धा थेंब. परत पंखा. मग बारीक ब्रश काळ्यात बुडवून त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

"तूच काढ," म्हणाला, आणि रिमोट उचलून टीव्ही बंद केला.